आप्पांची भीड

ऐन संध्याकाळच्या गिऱ्हाइकीच्या वेळी संगमेश्वर आप्पांनी आपल्या किराणा दुकानाचं शटर खाली ओढलं आणि स्वतः आतच बसून राहिले.

"अहो, डोकं ठिकाणावर हाय का?" गुरम्मा आतल्या घरातून धावत आल्या.

"हळू बोल. मी गावाला गेलोय."

चाकूरच्या त्या रस्त्यावर, दुकानाच्या बरोबर समोर, महिन्यापूर्वी मोठा मार्ट उघडला होता. काचेची दारं, गार हवा, शिवाय इथल्याच डझनभर पोरींना नोकऱ्या. पण लोक पडले भिडस्त. काचेपर्यंत जायचे, मागं वळून बघायचे, गादीवरचे आप्पा दिसले की मुकाट रस्ता ओलांडून त्यांच्याकडूनच साखर घ्यायचे. अडीअडचणीला धावून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत दुसरीकडं पिशवी कशी भरायची? आप्पा मिशीतल्या मिशीत हसत होते. मार्टाची चांगलीच जिरली होती.

आणि काल शेजारच्या पंचफुलाबाईंची लुंबिनी आली. अंगात मार्टाचा निळा टी-शर्ट, डोळे भरलेले.

"आप्पा, गिऱ्हाईकच न्हाई म्हणून मार्ट बंद करून राहिलेत. मला पुन्हा पुण्याला जावं लागंल. आई एकटी पडंल."

लुंबिनी त्यांच्याच दुकानात गोळ्या मागत वाढलेली. जिंकल्याचं असं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आता ते शटरच्या फटीला डोळा लावून बसले होते. आधी शेतावरून परतणारा रामकिशन बिचकत मार्टात शिरला. मग साखराबाई. मग रीघच लागली. काउंटरवर लुंबिनीला मान वर करायला फुरसत नव्हती. आप्पांना बरं वाटलं, आणि लगेच नजर आपल्या रिकाम्या गल्ल्याकडं गेली.

"झालं समाधान?" गुरम्मा म्हणाल्या. "आता बसा माश्या मारत."

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. गुरम्मांनी दार उघडलं. बोळात साखराबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागं रामकिशन, त्याच्यामागं निम्मी गल्ली. प्रत्येकाच्या एका हातात मार्टाची लहानशी पिशवी, दुसऱ्या हातात घरची मोठी, रिकामी.

"हे गावाला गेलेत," गुरम्मा चाचरल्या.

"हाव, अन् बाहेरून कुलूप लावायचं इसरून गेले!" साखराबाई हसल्या. "बोलवा त्यांना. तिकडं साबण घेतला. गूळ, डाळ, चहापत्ती इथलीच लागती आमाला."

आप्पांना राहवलं नाही. हसू दाबत ते उठले. "मग बोळात कशाला? शटर उघडतो, पुढून या की!"

साखराबाईंनी घाईघाईनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू, आप्पा! पुढून कसं येऊ? समोर काचेत आपली लुंबिनी बसलीय. पोरीला काय वाटंल?"