भारी कोर्स

“वगळी कुठायत, काका?” अल्फियानं विचारलं.

केरबा खुशीत हसला. “बुजवल्या की! तिन्ही. काल जोतीरामाचा जेसीबी लावला आन् दिसभर मुरूम वढला. आता बगा, म्हातारं मानूसबी चालत जाईल.”

शेजारी उभ्या दीपमालानं कपाळावर हात मारून घेतला. पावसाच्या पाण्यानं मेढ्याजवळच्या या डोंगराला तीन ठिकाणी चिरलं होतं. चांगल्या कमरेइतक्या खोल घळी. गावात त्यांना वगळी म्हणतात. जिल्ह्याची क्रॉस कंट्री याच वाटेनं झाली होती आणि केरबाची ही पोरगी तिन्ही वगळी उड्या मारून ओलांडत पहिली आली होती. आता तिथं वगळ नव्हती. तांबडा, गुळगुळीत, दाबून बसवलेला रस्ता होता, आणि त्याच्या तोंडाशी चक्क रांगोळी.

राज्याच्या संघात एकच जागा उरली होती. तिच्यावर दोघींचा डोळा: दीपमाला, आणि सांगलीकडं कॅनॉलच्या कडेनं सपाटीवर धावलेली एक मुलगी. त्या मुलीची वेळ कमी होती. पण सपाटीवरची वेळ आणि डोंगरातली वेळ एका तागडीत घालायची कशी? म्हणून निवड समितीनं अल्फियाला पाठवलं होतं. सोबत मोजणीचं चाक, टेप आणि उंची टिपणारं घड्याळ. कोर्स हलका, मध्यम की भारी, एवढंच तिनं ठरवायचं. भारी निघाला तर दीपमाला जाणार, नाहीतर नाही.

“आबा, तुमाला ह्ये करायला सांगितलं कुनी?” दीपमालानं विचारलं.

“आगं तूच की! फोनवर म्हनालीस, आबा, आपला कोर्स भारी निगाला पायजे. मग? केला भारी!”

आता घ्या! धावणाऱ्यांच्या तोंडी भारी म्हणजे जीव काढणारा. केरबाच्या गावात भारी म्हणजे झकास. बैल भारी, बँड भारी, जावई भारी. बापानं एका दिवसात पोरीसाठी डोंगर झकास करून ठेवला होता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तेही दाराला तोरण बांधून.

दीपमालानं सगळं समजावून सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चिरकला. केरबाच्या तोंडावरचं हसू उतरत उतरत पार गेलं.

“म्हंजे वाट वंगाळच पायजे हुती?” तो म्हणाला. “मग त्यात काय? जोत्याला बलीवतो. हाय तशी उकरून देतो.”

“नको काका,” अल्फिया म्हणाली. “आज उकरलेला खड्डा मला मोजता येणार नाही. उद्या जो तो खड्डे खणून ठेवील. मी आहे ते मोजणार.”

अल्फिया स्वतः सांगलीची, हे केरबाला ठाऊक होतं. ओठांवर आलेलं त्यानं गिळलं.

अल्फिया चाक घेऊन रस्त्याच्या कडेकडेनं चढली. चाक लोण्यातून सुरी फिरावी तसं वर गेलं. परत आल्यावर तिनं दीपमालाकडं बघायचं टाळलं.

“चढ आहे. नाही असं नाही. पण मध्यम.”

मग अल्फियानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि दीपमालाच्या हाताला बांधलं. एक फेरी धावणाऱ्याच्या हातानं टिपायची, असा नियमच होता. “शर्यतीत धावलीस तशी धाव,” ती म्हणाली.

“आता कशाला?” दीपमाला पुटपुटली. तरी तिनं ओढणीनं डोळे पुसले, ओढणी बापाच्या हातात दिली आणि निघाली.

केरबानं तिला धावताना कधी पाहिलंच नव्हतं. शर्यतीच्या दिवशी तो खाली पाहुण्यांच्या चहापाण्यात होता. आता तो मान वर करून बघत राहिला. रागानं धावत होती पोरगी. चढाला वाकली, पावलं बारीक झाली, आणि एकाएकी तिनं त्या सपाट रस्त्यावर उडी मारली.

“ही का गं उडती?” केरबानं विचारलं.

अल्फिया उत्तर द्यायला थांबली नाही, कडेकडेनंच पळत वर निघाली. केरबा तिच्या मागं. पुढं दीपमालानं दुसरी उडी मारली. तिसरीला तर पडता पडता हात टेकला, कारण तिथला पलीकडचा काठ उंच होता. म्हणजे, होता तेव्हा.

ते दोघं वर पोचले तेव्हा दीपमाला दम खात मागं वळून बघत होती. आपण उड्या मारल्या, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

कोवळ्या मुरमात सगळं उठलं होतं. अलीकडं चवड्याचा खोल ठसा, पलीकडं दोन टाचा आणि पाच बोटं. मधे काहीच नाही, कोरा मुरूम. अल्फिया गुडघ्यांवर बसली. तिनं ठशापासून ठशापर्यंत टेप ताणली आणि फोटो काढले.

“समिती मानेल का?” दीपमालानं विचारलं.

“माहीत नाही. पण मी दाखवणार. हे कुणी आज उकरलेलं नाही.”

केरबा त्या कोऱ्या जागेच्या काठाशी उभा होता. हातातली ओढणी त्यानं घट्ट धरली होती. पोरीनं हे अंगात एवढं मुरवून ठेवलंय, हे त्याला आज दिसत होतं.

एवढ्यात आपलं काम मॅडमला पसंत पडलं का ते बघायला जोतीराम खालून आला. खुशीत, लांब लांब टांगा टाकत, सरळ रस्त्याच्या मधून.

केरबानं दोन्ही हात पसरले आणि ओरडला, “जोत्या, थांब! म्होरं येऊ नगंस! वगळ हाय तितं!”