मागची सीट

घटस्फोटात शिरीषने फ्लॅट घेतला, गाडी घेतली आणि दोघांनी मागे-पुढे बसून चालवायची सायकल तेवढी वैजयंतीच्या गळ्यात मारली. वर ऐकवलं, "तुझ्या मागे बसणार कोण?"

आज वैजयंतीने ती सायकल अख्ख्या पुण्यात मिरवली. टिळक रस्त्यावर इडली, सारसबागेत भेळ, सगळं कसं निवांत. उन्हं कलल्यावर ती शिरीषच्या गल्लीत शिरली आणि त्याच्या खिडकीखाली घंटी वाजवत घिरट्या घालू लागली.

अखेर नव्या बायकोसह तो गॅलरीत आला. मागच्या सीटवर पदर खोचून पायडल मारणारी बाई बघून त्याचा चेहरा पडला.

"आई? तू हिच्या मागे बसलीस?"

"मागे नाही, पाठीशी बसलेय," सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "वैजू, आणखी एक चक्कर मार. घाई नाही."