पहिलं उद्दिष्ट

एकोणीसशे ब्याऐंशी साल. सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेची वार्षिक नियोजनाची बैठक ऐन रंगात आली होती.

"उद्दिष्ट पहिलं," अध्यक्षांनी वाचलं. "संस्थेची स्वतःची वास्तू."

सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. तिथे एक निवृत्त पूल-अभियंते चष्मा पुसत बसले होते. त्यांना सगळे हरकतराव म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

"अख्ख्या शहराची घरं बांधणारे आपण, आणि बसतो दुसऱ्याच्या माडीवर," खजिनदार म्हणाला. "बोला हरकतराव, यंदा काय काढलंत?"

"उताराचं पाणी. वरच्या रस्त्याचं सगळं पाणी त्या प्लॉटमध्ये शिरणार."

आदल्या वर्षी मातीची चाचणी होती. त्याआधी जिन्याच्या पायऱ्यांची उंची. दर वर्षी नवा प्लॉट, नवा नकाशा आणि हरकतरावांची नवी हरकत. पंचाईत अशी, की हरकत प्रत्येक वेळी खरी असायची. वास्तू पुन्हा पुढच्या वर्षावर गेली.

खाली मालकीणबाई एकट्याच राहत. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. माडी त्यांच्या वडिलांनी संस्थेला भाड्याने दिली होती, आणि जाताना मुलीला एक नियम घालून दिला होता: भाडेकरूंशी ओळख जिन्यापुरती. माडीवर तो सगळ्यांना ठाऊक होता, आणि बाईंनी तो अक्षरशः पाळला. खजिनदाराच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांनी जिन्यातच घेतलं, अक्षता टाकायला जायचं मात्र टाळलं. बैठकीच्या दिवशी चहाची किटली वरच्या पायरीवर ठेवून त्या दार वाजवत.

किटली आत घ्यायला नेहमी हरकतरावच उठत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा भरणारी संस्थेची बैठक, आणि त्यातली ती दोन मिनिटं. बाकीचा महिना मग कसाही जायचा.

"काय म्हणते वास्तू?" त्या दिवशी बाईंनी विचारलं.

"काळजी करू नका," हरकतराव हळूच म्हणाले. "मी आहे तोवर ही मंडळी इथून हलत नाहीत."

बाई क्षणभर किटलीकडे बघत राहिल्या.

"तुमचा अभ्यास दांडगा आहे हो," असं म्हणून त्या खाली गेल्या.

ते वाक्य हरकतरावांना महिनाभर पुरलं.

पुढच्या वर्षी मात्र अध्यक्ष कंबर कसून आले. मातीची चाचणी झालेली, उताराची मोजणी झालेली, नाल्याची आखणी तयार. प्लॉटही कुणीतरी संस्थेला देऊनच टाकला होता.

"कुणी दिला?" हरकतरावांनी विचारलं.

"नाव सांगायचं नाही, अशी अट आहे."

हरकतरावांनी नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. पाया ठीक होता, पाणी बाहेर जात होतं, पायऱ्यासुद्धा बेताच्या होत्या. एखादी खोटी हरकत सहज घेता आली असती. पण आयुष्यभर जे केलं नाही, ते त्या वयात जमेना.

"हरकत नाही," ते म्हणाले.

टाळ्यांनी माडी दणाणली. खजिनदाराने तर त्यांना मिठीच मारली. "अहो, तब्येत बरी आहे ना तुमची?"

दीड वर्षात वास्तू उभी राहिली. सामान हलवायच्या दिवशी सगळ्यांत शेवटी हरकतराव खाली उतरले. बाई जिन्याखाली उभ्या होत्या.

"जपून, शेवटची पायरी उंच आहे."

"ठाऊक आहे मला," ते हसले. "पहिल्याच दिवशी अडखळलो होतो."

बाईंच्या मागे दार अर्धं उघडं होतं. त्या फटीतून हरकतरावांना वर्षानुवर्षं खिडकीपाशी एकच खुर्ची दिसायची. आज तिथे दोन होत्या. कुणी पाहुणे यायचे असतील. विचारावंसं वाटलं, पण आपण कोण विचारणारे?

"आता तुमचा जिना मोकळा झाला," ते म्हणाले.

"हो. आता तुम्ही माझे भाडेकरू नाही."

त्यांना तो नियम आठवला. जिनाच सुटला, मग ओळख तरी कुठली? त्यांनी नमस्कार केला आणि ते चालू लागले. बराच वेळ दार लागल्याचा आवाज आला नाही.

पुढे किती तरी वर्षं संध्याकाळचा फेरफटका ते त्याच गल्लीतून मारत. खिडकीत दिवा दिसे. पाय मंद होत, थांबत मात्र नसत. त्या काळी कुणाच्या दारी जायला कारण लागायचं, आणि त्यांच्याकडचं एकुलतं एक कारण संस्थेने टेम्पोत घालून नेलं होतं.

खजिनदार यथावकाश अध्यक्ष झाला आणि पहिल्याच बैठकीत त्याने वास्तूवर आणखी एक मजला चढवायचं उद्दिष्ट ठेवलं. जुने अध्यक्ष लेकीकडे राहायला गेले. बाई थकल्यावर भाचीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या.

त्यानंतर संस्थेच्या दारात प्लॉट देणाऱ्याच्या नावाची पाटी बसवली गेली. त्या कार्यक्रमाला हरकतराव काठी टेकत आले. पाटीवर चित्रकलेच्या बाईंचं नाव होतं.

त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग कार्यक्रमासाठी लेकीकडून आलेल्या जुन्या अध्यक्षांचा हात धरला.

"बाईंनी दिला? अहो, आम्ही जाऊ नये म्हणून तर मी..."

"त्या दर वर्षी बैठकीआधी मला जिन्यात गाठायच्या," जुने अध्यक्ष म्हणाले. "म्हणायच्या, यंदा तरी यांना माझ्या माडीवरून हलवा. तुम्ही काही हलू देईनात. शेवटी वडिलांचा प्लॉटच देऊन टाकला. हयातीत कुणाला सांगायचं नाही, असं वचन घेतलं होतं माझ्याकडून."

"आमचा इतका त्रास होत होता त्यांना?"

"मीही हेच विचारलं होतं."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमचे हरकतराव भाडेकरू आहेत तोवर मला त्यांना 'आत या' म्हणता येत नाही."