वर आम्ही, खाली तुम्ही

"एवढं चांगलं घर आहे, तर विकताय कशाला?" बाबांनी घरमालकांना तिसऱ्यांदा विचारलं.

बाबांनी तीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासली होती. समोरचा माणूस हसून बोलला की तो त्यांना हमखास विनातिकीट वाटायचा. आणि हे घरमालक सकाळपासून हसतच होते. वयाने बाबांच्याच बरोबरीचे, एकटे, हातात काठी. खालचा मजला दाखवून जिन्यापाशी आले आणि म्हणाले, "वर तुम्हीच जाऊन या. मी इथे बसतो." बाबांनी लगेच कान टवकारले. विकणारा स्वतःच वर जात नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

बाबांचा मुलगा आणि सून मात्र दुमजली घरावर लट्टू झाले होते. बैठ्या घराला जागा जास्त लागते, आपल्या पैशात ते पार गावाबाहेर मिळेल, हे सुनेने येताना गाडीत समजावून सांगितलं होतं. "आणि इथे वर आम्ही, खाली तुम्ही. तुमच्या गुडघ्यांना जिना नको की आमचा गोंगाट नको. काही लागलं तर एक हाक मारायची."

"बैठ्या घरात हाक मारावी लागत नाही. माणूस समोरच असतो," बाबा म्हणाले होते.

"बाबा, तुम्हाला फुकट दिलं तरी त्यात खोट दिसेल," मुलगा हसला होता.

खरं तर बाबांना भीती वाटत होती. 'खाली तुम्ही' म्हणजे आपण खाली एकटे पडणार, असं त्यांना वाटलं होतं. पण सुनेला असं कसं सांगणार? त्यापेक्षा भिंतीत ओल शोधणं सोपं.

मुलगा-सून वर गेले तसे बाबा कामाला लागले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, मोरीत वाकून वास घेतला, कपाट सरकवून मागे डोकावले. ओल नाही, वाळवी नाही. शेवटी ते जिन्याशी आले. जिना दोनदा वळत होता आणि वरचं जाड दार आपोआप मिटत होतं.

"अरे, ऐकू येतंय का?" त्यांनी हाक मारली.

डोक्यावर दोघांची पावलं स्वच्छ वाजत होती. बाबांनी आणखी जोरात हाक मारली. पावलं सावकाश या टोकाकडून त्या टोकाला गेली. ओ कोणीच दिली नाही.

"घसा कोरडा करू नका," घरमालक खुर्चीतून म्हणाले. "माझा मुलगा आणि सून चार वर्षं वर होते. हाक मारली तरी पावलं थांबायचीसुद्धा नाहीत. मग मीही सोडून दिलं. मागच्या वर्षी दुसरीकडे राहायला गेले. जाताना मुलगा उलट मलाच म्हणाला, तुम्हालाच आमच्याशी बोलायचं नसतं."

बाबांना जे हवं होतं ते सापडलं होतं, पण त्याचा आनंद झाला नाही. घर घ्यायच्या आधीच ही गत, तर पुढे काय, या विचाराने त्यांना रडू येईल की काय असं वाटलं.

तेवढ्यात दोघं खाली आली. सूनबाईंच्या कपाळावर आठी होती.

"काय हो बाबा, रागावलात का? दोनदा हाक मारली, ओ तरी द्यायची!"

"मला? कधी?"

"आत्ताच. वरच्या खिडकीतून नदी दिसते. हळूहळू चढवतो तुम्हाला, या म्हटलं."

"हाक तर मी मारली. तुम्ही दिली नाहीत ओ."

"तुम्ही?" मुलगा म्हणाला. "आम्हाला नाही आली ऐकू."

घरमालकांचं हसू मावळलं होतं. काठीवर जोर देऊन ते उठले.

"कुठे उभ्या होतात तुम्ही?" त्यांनी सुनेला विचारलं.

"खिडकीपाशी."

"केवढ्याने हाक मारलीत?"

"चांगली मोठ्याने. का हो?"

"पुन्हा एकदा जाता वर?" ते म्हणाले. "तिथेच उभं राहून मारा. बाबा म्हणूनच मारा."

सून काही न विचारता वर गेली. मागे दार मिटलं. तिची पावलं छतावरून खिडकीकडे गेली आणि थांबली. घरमालक खालच्या पायरीशी मान वर करून, कानामागे हात धरून उभे राहिले. बाबाही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मुलाने बाबांकडे बघून, काहीच ऐकू येत नाही अशी मान हलवली.

"मारली असेल का हो तिने?" घरमालकांनी विचारलं.

"मारली असणार," बाबा म्हणाले.