शेजारची सीट

मयुरेश विमान चालवायला शिकतोय. तो सुखरूप उतरल्याचा फोन येईपर्यंत मी अन्नाला शिवत नाही, हा माझा नेम. काल मात्र फ्लाइंग क्लबला निघताना म्हणाला, "आज उडायचं नाही, आई. कॉकपिटमधला कॅमेरा नुसता नीट बसवायचाय. तू जेवून घे."

मी निवांत जेवले.

संध्याकाळी त्यानं त्याच कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवला. खिडकीखाली सुखना तलाव, आत माझा मयुरेश, आणि शेजारची सीट रिकामी!

"अरे, तुझे सर कुठे?"

"खाली, धावपट्टीपाशी. पहिल्यांदाच एकटा उडालो, यार आई!"

माझ्या हातातली जपमाळ गळून पडली. "आणि मला खोटं सांगून जेवायला लावलंस?"

"आधीचे व्हिडिओ बघ. सगळ्यांत माझे हात थरथरतायत. तू उपाशी असायचीस ना."