कंपनीचं ऊन

शेजारच्या उर्मिलाकडे दिवसभर एसी चालायचा, तोही फुकटच्या विजेवर. त्याची घरघर ऐकली की मालनच्या पोटात दुखायचं. आज सकाळीच सोलर कंपनीचा माणूस मालनकडेही येऊन बसला होता. पॅनेल फुकट, वीज फुकट. बदल्यात गच्चीपासून अंगणापर्यंतचं सगळं ऊन पॅनेल ओढून घेणार.

गच्ची एकदा नजरेखालून घालून मालन होकार द्यायला खाली निघाली, तेवढ्यात उर्मिला वर आली. पदराखाली लेकीचं बाळ होतं, नुकतंच न्हाऊ घातलेलं.

"याला जरा कोवळं ऊन दाखवायचंय गं. आमच्या अंगणात आता ऊन सोडच, सावलीसुद्धा पडत नाही."

"मग एसी दाखव की!" मालननं टोला हाणलाच.

"बोल बाई, बोल. पण आधी याला धर."

बाळाला मांडीवर घेऊन मालन उन्हात बसली. त्यानं मूठ उघडली, ओठ चोखले आणि डोळे मिटले. उर्मिला टक लावून बघत होती; बाळाकडे नाही, गच्चीभर पसरलेल्या उन्हाकडे. ती जळकी नजर मालननं लगेच ओळखली. तिची स्वतःचीच होती ती, इतके दिवस.

"अहो," तिनं वरूनच नवऱ्याला हाक मारली, "त्या माणसाला चहा द्या आणि जाऊ द्या. आपलं ऊन कामात आहे."