ओठांवरचं बोट

बद्रीनाथची आठ वर्षांची सरू जन्मापासून बहिरी होती. तिला बोलायला शिकवायला घरी येणाऱ्या औरंगाबादच्या मास्तरांनी बजावलं होतं, "घरात हातवारे बंद करा, तरच पोरगी तोंडानं बोलेल." तेव्हापासून भागूबाईनं लेकीला खूण करायला हात उचलला, की बद्रीनाथ तो धरायचा.

"अवं, मग तिला सांगू तरी कसं?"

"तोंडानं सांग."

दोन वर्षं झाली, सरूच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. एका दुपारी चितेगावात बंदूकवाले शिरले आणि घरं लुटू लागले. तिघं कडब्याच्या गंजीमागं दडली. पावलं जवळ आली. सरू मुसमुसू लागली, तसे भागूबाईनं हात उचलले. बद्रीनाथनं सवयीनं ते खाली दाबले आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

सरूनं त्या बोटाकडं नीट पाहिलं. मास्तर शिकवताना दर वेळी असंच ओठांवर बोट ठेवून तिला बोलायला सांगत. तिनं छातीभर श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबा!"

पावलं थांबली.

"कौन है उधर?"

"मी हाय. एकटाच हाय," म्हणत बद्रीनाथ उठला आणि बाहेर निघाला. सरू त्याच्यामागं उठू लागली. तेव्हा त्यानं एक हात पाठीमागं नेला आणि तळवा खाली दाबून तिला बसायची खूण केली.

सरूला ती लगेच कळली.